दुसऱ्या भागातला हवालदार

माझा स्वभाव संशयी आहे हे मला सगळेच सांगतात, आणि सांगताना जरा मागं सरकून सांगतात. जमिनीच्या कागदपत्रांच्या कार्यालयात अर्धं आयुष्य गेल्यावर दुसरं काय होणार? रोज सकाळी कोल्हापुरातून एसटी पकडून शाहूवाडीकडं जायचं, दिवसभर भाऊ भावाला कसा गंडवतो ते बघायचं, आणि संध्याकाळी घरी येताना कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून घ्यायची. नवरा वारणानगरला नोकरीला आहे, सुट्टीला येतो. तो म्हणतो, तू घरी येतेस पण तुझं कार्यालय तुझ्या मागोमाग येतं. म्हणू दे. तरी या जगात एक माणूस असा होता की ज्याच्याकडं मी कधी वाकड्या नजरेनं बघितलं नव्हतं. ते म्हणजे आमचे आबा, माझे वडील, पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि माझ्याबरोबरच राहणारे.

नोकरीचा हुकूम हातात पडला त्या दिवशी आबांनी मला पेढा भरवला आणि एकच गोष्ट सांगितली. म्हणाले, ‘‘कुणाचा चहाबी घेऊ नगंस. बाकी काय करायचं ते तुझं तुला कळतंय.’’ मी ते धरून बसले. शाहूवाडीची माणसं मनानं मोठी. काम झालं की कुणी नव्या तांदळाची पिशवी आणतो, कुणी मधाची बाटली, कुणी डोक्यावरून फणस घेऊन येतो. मी सगळं परत पाठवते. त्या भागात मला ‘फणस परत पाठवणारी बाई’ म्हणतात, आणि त्यात कौतुक कमी आणि शिवी जास्त असते हे मला कळतं. बरोबरचे लोक हसतात, साहेब वैतागतात. पण कुणी जास्तच बोललं की मी सांगायचे, मी हवालदाराची लेक आहे, आमच्या घरात असलं काही चालत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या ताठ मानेनं बोलले होते की ते माझ्या नावासारखंच झालं होतं.

तर या आबांना म्हातारपणी सिनेमानं गाठलं. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका पोलिसी सिनेमाचं शूटिंग झालं. हाणामारी आणि विनोद दोन्ही असलेला. एक दांडगा पण बिनडोक इन्स्पेक्टर आणि एक हुशार पण भित्रा शिपाई, अशी जोडी होती. मागं उभं राहायला त्यांना खरे निवृत्त पोलीस पाहिजे होते. आबा अजूनही देवळाच्या रांगेत सावधानमध्ये उभे राहतात, त्यामुळं त्यांची लगेच निवड झाली. त्या सिनेमात त्यांना एकच काम होतं. मंत्र्याची गाडी येणार म्हणून चौकात उभं राहायचं आणि चुकून कचऱ्याच्या घंटागाडीला कडक सॅल्यूट ठोकायचा. तो सिनेमा धो धो चालला. आमच्या गल्लीत तर पुढं वर्षभर घंटागाडी आली की पोरंटोरं सॅल्यूट ठोकत होती, आणि आबा गॅलरीत बसून मिशीतल्या मिशीत हसत होते.

पहिला चालला म्हटल्यावर दुसरा भाग येणारच. आबांना पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला उभं राहायचं नव्हतं, अख्खा सीन होता. पहिल्या वेळी शूटिंगवरून आल्यावर आबा सगळं सांगायचे, नाष्ट्याला काय होतं, हिरोचे केस खरे की खोटे, नटीनं कुठली चप्पल घातली होती. या वेळी मात्र आले, पाय धुतले आणि टीव्ही लावून बसले. मी विचारलं, ‘‘काय काम होतं?’’ तर म्हणाले, ‘‘बघशील की.’’ मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. पण मी समजले, गुपित ठेवून आम्हाला चकित करायचं असेल.

सिनेमा लागला त्या दिवशी थिएटरसमोर हलगी कडाडत होती. हिरोच्या कटआउटला भला मोठा हार घातला होता, आणि त्याच्या शेजारी आमच्या पेठेतल्या तालमीच्या पोरांनी आबांचा डिजिटल फलक लावला होता, तो हिरोपेक्षा वीतभर उंचच होता. आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. येणारा जाणारा त्यांच्या पाठीत थाप मारत होता. ‘‘काय हवालदार, आता हिरोइन कवा?’’ अशा आरोळ्या चालल्या होत्या. आमच्याकडं प्रेम असंच असतं, जरा लांबूनसुद्धा ऐकू येतं.

आबांच्या एका बाजूला मी बसले होते, आणि माझ्या पलीकडं काका. काका म्हणजे आबांचे जिवाभावाचे दोस्त. दोघं एका ठाण्यात शिपाई म्हणून लागले, एकाच ठाण्यात बरीच वर्षं होते, आणि मागंपुढं निवृत्त झाले. आता काका म्हशी पाळतात आणि आमच्याकडं रोजचं दूध त्यांचंच येतं. आबा जितके अबोल तितके काका बोलभांड. दर वाक्यात एक शिवी, तोंडात तंबाखू, बोटात जाड अंगठी, आणि पेठेत दुमजली घर. खरं सांगायचं तर लहानपणापासून माझा या माणसावर संशय होता. शिपायाच्या पगारात दुमजली घर आणि गोठा? आबांना मी एकदोनदा तसं बोलूनही दाखवलं होतं. ते नुसते ‘‘गप,’’ म्हणाले होते.

सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की पहिल्याची मजा यात नाही. सगळं मोठं केलं होतं. पहिल्यात एक जीप उलटली होती, यात गाड्यांची रांगच उलटत होती. हिरोची जीप पंचगंगेवरून उडून थेट उसाच्या ट्रॉलीत पडते, आणि तो ऊस चावत बाहेर येतो. पहिल्यात त्या भित्र्या शिपायाचं भिणं खरं वाटायचं, यात तो उगीचच किंचाळत होता. थिएटरातली माणसं आपली म्हणून शिट्ट्या मारत होती, पण मध्येच मोबाइलचे उजेडही दिसायला लागले होते. मग मध्यंतर झालं, आणि मध्यंतरानंतर आबांचा सीन आला.

ठाण्यात टेबलामागं आबा बसलेत. समोर एक जाडा व्यापारी, त्याचा ट्रक पकडलेला. व्यापारी गयावया करतोय. आबा काही बोलत नाहीत. सावकाश डोक्यावरची टोपी काढतात, उलटी करून टेबलावर ठेवतात. खिशातला रुमाल काढून टक्कल पुसतात आणि रुमाल टोपीवर पसरतात. मग व्यापाऱ्याकडं न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत विचारतात, ‘‘घरची समदी बरी हायत न्हवं?’’ व्यापारी रुमालाखाली पुडी सरकवतो. आबा कॅलेंडरकडंच बघत असतात. मग रुमालासकट टोपी उचलतात, एका झटक्यात डोक्यावर चढवतात, आणि म्हणतात, ‘‘ऊन लई हाय. सावलीनं जावा.’’

थिएटर कोसळलं. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. हिरो उडाला तेव्हा झाला नव्हता एवढा दंगा झाला. मीसुद्धा हसायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. व्यापारी पुडी ठेवत असताना आबांचा डावा हात काय करत होता ते मी बघितलं होतं. तो हात टेबलावरचा पाण्याचा पेला उगीचच जरासा बाजूला सारत होता. बघणाऱ्याला वाटावं, माणूस पेला सारतोय. असलं कुणी लिहून देत नाही. असलं ज्याला माहीत असतं त्यालाच माहीत असतं. मी वळून आबांकडं बघितलं तर ते पडद्याकडं बघत होते, अगदी मन लावून. काकांकडं बघितलं. सगळ्यांत मोठ्यानं हसणारा हा माणूस वाकून पायाखाली चप्पल शोधत होता.

पुढच्या दिवसांत सिनेमावर जे काही आलं ते मी बारकाईनं वाचलं. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलं, पहिल्याची सर नाही. कुणी लिहिलं, दुसरा भाग काढायची एवढी घाई कशाला केली? आमच्याकडं पहिला आठवडा आपल्या गावचा म्हणून गर्दी झाली, मग दुपारच्या खेळांना पंखे फिरताना ऐकू यायला लागले. तालमीच्या पोरांनी फलक उतरवला. सिनेमा पडला, पण आबांचा सीन उभा राहिला. तेवढाच तुकडा कापून कुणीतरी मोबाइलवर टाकला आणि तो गावभर, मग जिल्हाभर फिरला. माझ्या एसटीतले कंडक्टर मला तो दाखवायला लागले. त्याच्याखाली लोक लिहीत होते, ‘आजोबा, किती वर्षांची प्रॅक्टिस?’ दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘ही ॲक्टिंग न्हवं, हा अनुभव हाय.’ त्यापुढं हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ होती. मी ते वाचत बसायचे. कुणी चेष्टेनं लिहिलंय आणि कुणी खरं समजून, याचा अंदाज घ्यायचे.

त्यातच दिग्दर्शकाची एक मुलाखत हाताला लागली. त्याला विचारलं होतं, तो टोपीचा सीन कसा सुचला? तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, आम्ही साधंच लिहिलं होतं, हवालदार हात पुढं करतो आणि पैसे खिशात घालतो. पण आमच्या त्या म्हाताऱ्या हवालदारांनी सांगितलं, असं नाही घेत कुणी, मी दाखवतो. आणि त्यांनी एका दमात सगळं करून दाखवलं, आम्ही फक्त कॅमेरा लावला. ही मुलाखत मी बऱ्याचदा ऐकली. ‘मी दाखवतो’ तिथं येऊन प्रत्येक वेळी मागं घेतली.

कार्यालयात तर कहरच झाला. एके दिवशी डोंगरातल्या वाडीचा एक म्हातारा शेतकरी माझ्या टेबलासमोर आला. नोंदीचं काम होतं, साधं, आजच होण्यासारखं. त्यानं डोक्यावरचा पटका सोडला, टेबलावर ठेवला, त्यावर हळूच आपला रुमाल पसरला आणि भिंतीकडं बघत उभा राहिला. मला काही कळेना. मग त्यानं डोळ्यांनी खुणावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘बाई, ठेवलंय आत. पोरानं फोनमदी दावलं. तुमच्यात असंच घेत्यात म्हणं.’’ त्या बिचाऱ्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. त्याला वाटलं होतं की इतकी वर्षं मी सगळं परत पाठवत होते ते देण्याची रीत चुकत होती म्हणून. रुमालाखाली पेढ्यांचा पुडा होता. आजूबाजूचे सगळे माना खाली घालून कागद चाळायला लागले. मी त्या म्हाताऱ्याचं काम तिथल्या तिथं करून दिलं, पुडा त्याच्या हातात कोंबला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

त्या संध्याकाळी एसटीच्या खिडकीशी बसले असताना मला आई आठवली. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मी लहान असताना आबा ठाण्यावरून आले की दारातच टोपी काढायचे आणि दोन्ही हातांनी आईकडं द्यायचे, खाली धरून, जरा जपून. खुंटी दाराशेजारीच होती. पण आई टोपी खुंटीला लावायची नाही. ती आत स्वयंपाकघरात न्यायची, आणि थोड्या वेळानं आणून अडकवायची. मला वाटायचं, हा सरकारी टोपीचा मान आहे. शाळेतल्या निबंधात मी तसं लिहिलंही होतं आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. आता बसमध्ये मी तेच पुन्हा पुन्हा आठवून बघत होते. आई असती तर तिलाच विचारलं असतं.

आबांना सरळ विचारायची माझी छाती होईना. कार्यालयात मी भल्याभल्यांना उलटतपासणीत रडवलंय, पण घरी मी चोरून बघायला लागले. किराणावाल्याकडून सुट्टे घेताना आबा कुठं बघतात? एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर औषधाची पुडी ठेवली आणि त्यांचे डोळे बघत उभी राहिले. त्यांनी सरळ पुडीकडंच बघितलं, उचलली, वास घेतला. म्हणाले, ‘‘काय बगतीस एवढं? कडू हाय व्हय?’’ मी ‘‘नाही,’’ म्हटलं आणि आत गेले. स्वतःच्या बापावर पाळत ठेवायची लाज वाटत होती, आणि ठेवल्याशिवाय राहवतही नव्हतं. जेवताना टीव्ही तेवढा बोलायचा.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मी काकांच्या गोठ्यावर गेले. काका म्हैस पिळत बसले होते. मला बघून म्हणाले, ‘‘काय गं, दूध पोचलं न्हाय व्हय? ह्या पोराच्या तर...’’ आणि पोराला एक शिवी हासडली. मी म्हटलं, ‘‘दूध पोचलं. काका, एक विचारायचंय. खरं सांगायचं.’’

‘‘पोलिसाला खरं इचारतीस? इचार की, बगू.’’

‘‘सिनेमात आबांनी टोपीत पुडी घेतली. ते त्यांना कुठनं येतं?’’

बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. काकांनी तंबाखूची पिंक बाजूला टाकली, माझ्याकडं बघितलं आणि मग खदखदून हसले. ‘‘कुठनं म्हंजे? माज्याकडनं! अगं, माजी ढब हाय ती. म्या घ्यायचो तसं. तुजा बा शेजारच्या टेबलावर बसून बगायचा आन् मनात शिव्या घालायचा. आता माजी नक्कल करून हिरो झालाय भाडखाऊ. मला एक चहाबी पाजला न्हाय त्यानं.’’

‘‘तुम्ही घ्यायचा?’’

‘‘मग काय शेण थापून माडी बांदली व्हय?’’ काका म्हणाले आणि पुन्हा धार काढायला लागले.

मला एकदम मोकळं वाटलं. इतकं की गोठ्यातल्या शेणाचा वाससुद्धा चांगला वाटला. म्हणूनच हा माणूस थिएटरात चप्पल शोधत होता! स्वतःलाच पडद्यावर बघितल्यावर दुसरं काय करणार? सगळं जुळत होतं. दुमजली घर, अंगठी, म्हशी. माझा संशय पहिल्यापासून खरा होता, फक्त तो मधल्या काळात चुकीच्या माणसावर जाऊन बसला होता. एखाद्याच्या उताऱ्यावर असली नोंद असती तर मी ती चार ठिकाणी पडताळली असती. इथं मी काहीच पडताळलं नाही. मला जे ऐकायचं होतं तेच ऐकायला मिळालं होतं.

येताना मटण आणलं. कधी नव्हे ते गुणगुणत वाटण वाटलं. तांबडा रस्सा केला, पांढरा केला, आबांना आवडतात तशा भाकऱ्या थापल्या. आबांनी ताटाकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘आज काय हाय?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, असंच.’’ पण पोटात राहीना. त्यांनी दोन घास खाल्ल्यावर मी म्हणाले, ‘‘आबा, एक सांगते. उद्यापासून काकांचं दूध बंद करू या. दुसरा गवळी बघते मी.’’

‘‘का? पानी घालतोय व्हय?’’

‘‘पाणी नाही. तसल्या पैशाच्या म्हशी, तसलं दूध मला घरात नको. सकाळी त्यांनी स्वतःच कबूल केलं सगळं. टोपीत तेच घ्यायचे, तुम्ही सिनेमात त्यांचीच नक्कल केलीत म्हणाले. आणि वर हसत होते.’’

आबांचा घास हातातच थांबला. ‘‘त्यो म्हनाला? आपल्या तोंडानं?’’

‘‘हो.’’

आबांनी घास ताटात ठेवला. मग तांब्यातलं पाणी ताटातच ओतून हात धुतला. भरल्या ताटात आबांनी हात धुतलेला मी कधी बघितला नव्हता.

‘‘त्यानं उभ्या नोकरीत कुनाची सुपारी खाल्ली न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘सायेब लोक त्याच्यावर खार खाऊन असायचं. हा खात न्हाय म्हनून वरपातूर वाटा पोचत न्हाय. कुटं कुटं बदल्या केल्या त्याच्या. माडी सासरच्या पैशाची हाय. हुपरीची मानसं ती, चांदीवाली, एकुलती लेक. म्हशीबी बायकोच्या नावावर हायत. तू जाऊन कागद बगू शकतीस.’’

‘‘मग?’’ मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

‘‘मग काय मग. म्या घ्यायचो.’’

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिच्या किका ऐकू येत होत्या. मग मी असं काही केलं की जे कार्यालयात मी कुणासाठी केलं नसतं. मी आबांना पळवाट काढून दिली. म्हटलं, ‘‘माझ्या शिक्षणासाठी लागत होते ना?’’

आबांनी नकारार्थी मान हलवली. ‘‘तसं सांगितलं तर तुला बरं वाटंल. पर तसं न्हाय. लोक द्यायची, म्या घ्यायचो. समदी घ्यायची.’’

‘‘आईला माहीत होतं?’’

‘‘टोपी आत कोन न्यायचं? पयल्या दिशी लई रडली. मागनं न्हाय रडली.’’

‘‘कधी बंद केलंत?’’

‘‘बंद कुटं केलं. रिटायर झालो.’’

माझा आवाज चढला. शेजारी ऐकत असतील याची फिकीर केली नाही. मी विचारलं, ‘‘मग मला कशाला सांगितलंत चहा घेऊ नको म्हणून? कुठल्या तोंडानं सांगितलंत?’’

‘‘सुरुवात चहानंच झालती,’’ आबा म्हणाले.

‘‘आणि सिनेमात? अख्ख्या गावाला दाखवायची काय गरज होती? हात पुढं करा म्हणत होते तर करायचा होता हात पुढं!’’

यावर मात्र आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘‘त्यो डायरेक्टर चुकीचं दावत हुता गं. भिकाऱ्यागत हात पसरून. मला बगवंना. म्हनून म्या उठून दावलं. आन् दावलं तशी समदी टाळ्या वाजवाय लागली. लायटिंगवाली पोरंबी. उभ्या नोकरीत माज्या कुटल्या कामाला कुनी टाळी वाजवली नव्हती. मी भुललो.’’

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ते घ्यायचे याचा राग होता. माझी ताठ मान ज्याच्यावर उभी होती त्याच्या खाली काहीच नव्हतं, याचा राग होता. पण खरं सांगते, सगळ्यांत जास्त राग याचा आला की ते खरं बोलले. काकांनी पांघरूण घातलं होतं, ते गुमान अंगावर घेऊन बसले असते तर मी सुखानं जेवले असते. पण दोस्ताचं दूध बंद होतंय म्हटल्यावर या माणसाला राहवलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांचं घेतलं, आणि नेमकं हेच तेवढं घ्यायला जमलं नाही. मी ताटं उचलली. आबा उठून गॅलरीत जाऊन बसले. मटण कुणीच खाल्लं नाही.

संध्याकाळचं दूध काकांचा पोरगा आणून देतो. त्या दिवशी मी स्वतःच किटली घेऊन निघाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्या घराच्या माडीकडं बघायचं मी टाळलं आणि सरळ गोठ्यात शिरले. काका दुसऱ्या म्हशीखाली बसले होते. त्यांनी मान वळवून माझं तोंड बघितलं आणि हात थांबवला.

‘‘बोलला व्हय?’’ त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

काकांनी म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि आबांना एक शिवी घातली, ती इथं लिहिता येणार नाही. माझ्या तोंडून कसंबसं एवढंच बाहेर पडलं, ‘‘काका, तुम्ही का सांगितलंत तसं?’’

त्यांनी धार काढून संपवली, बादली बाजूला ठेवली, म्हशीच्या पाठीवर थोपटलं. मग माझ्या हातातली किटली घेऊन तिच्यात दूध ओतता ओतता म्हणाले, ‘‘थेटरातच वळाकलं म्या, ही पोरगी आता माग काडत येनार. तवापास्नं काय बोलायचं ते पाठ करून ठिवलं हुतं. जल्मात एकदाच खोटं बोललो मी, बाई. त्येबी त्या येड्यानं वाया घालवलं.’’